आकडे इतके सरळ का येतात?

मी एका गोदामाचं मासिक नियोजन बघते. टीमचे आकडे महिनोन्‌महिने एका रेषेत यायला लागले की मला शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातली ती खोली आठवते.

तिथला दिव्यांचा प्रयोग नव्हे हं. उजेड वाढवला तरी काम वाढलं, घटवला तरी वाढलं, ही गोष्ट प्रत्येक मॅनेजमेंट ट्रेनिंगमध्ये ऐकवतात. माझ्या मते खरा मसाला पुढे आहे. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हाच कारखाना. टेलिफोन एक्स्चेंजचे भाग जोडणारे १४ जण वेगळ्या खोलीत, सोबत नोंदी घेणारा एक निरीक्षक. मजुरी सगळ्या गटाच्या कामावर, म्हणजे प्रत्येकाने जोर लावला तर सगळ्यांचाच फायदा. पण दिवसाचं काम किती, हे त्यांनी आपसात ठरवलेलं होतं. कुणी फार पुढे गेला की दंडावर गुद्दा! मागे राहणाराही बोलणी खायचा. आणि जास्तीचं झालेलं काम त्या दिवशी न दाखवता कमी कामाच्या दिवशी दाखवायचे. रेषा सरळ.

मुद्दाम हात आखडण्याचा हा प्रकार फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याला आधीच ठाऊक होता. कारणही त्याने बरोबर ओळखलं होतं: काम वाढलं की मालक नगामागचा दर कापतो. त्यावर त्याचा उपाय काय, तर माणूस गटातून सुटा काढा, घड्याळ लावून काम मोजा, ज्याचा त्याला मोबदला द्या. १९११च्या पुस्तकात एका मजुराचं लोखंड उचलणं दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेल्याचं तो अभिमानाने सांगतो. फ्रेंच व्यवस्थापक फायोलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं, जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरची नियमांवर चालणारी नोकरशाही हे सगळं कागदावरच्या रचनेबद्दल. गुद्दा कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

पुढे १९६०मध्ये व्यवस्थापनाचा अभ्यासक मॅकग्रेगरने व्यवस्थापकांच्याच गृहीतकांवर बोट ठेवलं: माणूस मुळात कामचुकार, असं धरून चाललात तर तशीच व्यवस्था उभी कराल. पटतं. पण त्याचं नाव घेऊन पुन्हा टेलरचंच घड्याळ, फक्त स्क्रीनवर, लावणारे साहेब मी पाहिलेत.

चांगला महिना गेला की पुढचं टार्गेट वाढवायचं, ही आमच्याकडची रीत. मी वरिष्ठांना सांगितलं, वर्षभर टार्गेटला हात लावू नका. उत्तर आलं, तिमाहीपुरतं बघू. तिमाहीच्या भरवशावर कुणी आपलं राखून ठेवलेलं काम उघड करेल, असं मला तरी वाटत नाही.