हवेच्या बोटीचा नांगर: काढता-घालता येणारं खोगीर बसलं

नांगराची दोरी जिच्यावरून सोडायची ती बोटीच्या पुढच्या टोकावर बसणारी बैठक, म्हणजे खोगीर, तयार झालं. साताऱ्याजवळच्या कण्हेर धरणाच्या पाण्यावर ते वाऱ्यात लावूनही पाहिलं, तेव्हा आता मापांसकट लिहितो. ज्यांच्याकडे अशीच पीव्हीसीची, हवा भरायची, दोन-तीन माणसांची बोट आहे त्यांना ते तसंच्या तसं करता येईल.

मूळ अडचण अशी: या बोटीला भोक पाडता येत नाही आणि चिकटवलेल्या कड्यांवर एका जागी जोर आला की कातडं सोलून निघतं. म्हणून बहुतेक जण दोरी कडेच्या वल्ह्याच्या खोबणीला बांधून मोकळे होतात. बांधलेल्या तळ्यात ते चालून जातं. कण्हेरला दुपारनंतर मेढ्याकडून वारा सुटला की बोट आडवी होते, लाट पूर्ण कुशीवर बसते आणि बांधलेली बाजू खाली ओढली जाते. दोरी पुढच्या टोकावरूनच निघाली पाहिजे, म्हणजे बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करून राहते. आणि जे काही बसवायचं ते निघालंही पाहिजे, कारण बोट गुंडाळून पिशवीत जाते आणि घडीत राहिलेला एक बोल्ट प्रवासात घासून भोक पाडतो.

आधी जोर किती येतो ते काढलं. बसलेल्या माणसासकट बोटीचं वाऱ्याला अडणारं क्षेत्र साधारण 1 चौरस मीटर धरा. ताशी 36 किमी वाऱ्यात त्यावर जेमतेम 6 किलोचा रेटा येतो. वेग निम्मा झाला तर रेटा पावपट, म्हणजे दीड किलो. लाटेचा हिसका याच्या कितीतरी पट धरला तरी लोखंडी फ्रेमची गरज नाही. गरज आहे ती जोर पसरवण्याची आणि घासणं टाळण्याची. हे आकडे हाती आल्यावर वेल्डिंगचा विचार मी सोडूनच दिला.

खोगिरासाठी शेतातला पाईप वापरला. आमच्या कराड भागात उपशाच्या लाईनचे तुकडे विहिरीवर पडलेलेच असतात. 250 मिमी व्यासाचा, साधारण 6 मिमी जाडीचा तुकडा घेतला, रुंदी 15 सेंमी ठेवली आणि उभा चिरून अर्धा केला. बोटीची नळी 40 सेंमीची, म्हणजे पाईपचा बाक उघडावा लागणार. चुलते लाईन जोडताना पाचटाच्या जाळावर पाईप तापवून सॉकेट (जोडासाठी रुंद तोंड) काढतात, त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "धूर निघाला की पाईप गेला म्हणून समज. मऊ पडला पाहिजे, जळता कामा नये." पीव्हीसी जळलं की निघणारा वायू छातीत जाणं फार वाईट. पण ते 80 अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं, त्यामुळे जाळाची गरजच नव्हती. हंड्यात उकळत्या पाण्यात तुकडा बुडवून ठेवला. बोटीच्या टोकावरून पुठ्ठ्याचा साचा उतरवून प्लायच्या दोन फळ्या त्या बाकात कापल्या होत्या. मऊ झालेला तुकडा त्यांच्यावर टाकून ओल्या पोत्याने दाबून धरला आणि गार होऊ दिला. बाक तसाच राहिला. एक ध्यानात ठेवा: टोकाला नळी दोन दिशांनी वळते, म्हणून पट्टी अरुंदच हवी. उरलेली फट खालचा 10 मिमी फोम भरून काढतो.

कडा कानशीने गोल केल्या आणि जुन्या पेट्रोलच्या नळीला चीर देऊन वरून बसवल्या. 304 स्टीलचे एम-6 बोल्ट खालून, डोकी पाईपात पूर्ण बुडवून आणि वर नायलॉक (हिसक्याने ढिला न होणारा) नट. वर नायलॉनचा खाचेचा रोलर आहे, तो लेथवर करून घेतला. रोलरला दोन्ही बाजूंनी गाल ठेवलेत, नाहीतर बोट फिरताना दोरी खाचेतून उतरते.

आता महत्त्वाचं: खोगिरावर क्लीट (दोरी अडकवायची पकड) नाही. दोरी रोलरवरून मागे येते आणि बसायच्या फळीवरच्या कॅम क्लीटमध्ये (दोरी दोन दातेरी जबड्यांत धरणाऱ्या पकडीत) अडकते. नांगर सोडायला-ओढायला पुढच्या टोकावर रांगत जावं लागलं तर बोट उलटायची वेळ तीच. दोरी लांब सोडलेली असताना ती रोलरवर थोडीच वळते, त्यामुळे खोगिरावर फार भार नसतो. नांगर उभा वर ओढताना मात्र ती काटकोनात वळते आणि रोलरवर ओढीच्या 1.4 पट भार येतो. तो भार खाली आणि मागे, नळीतच दाबला जातो, म्हणजे पसरट खोगिराला सोयीचाच. खोगीर जागेवरून सरकू नये म्हणून दोन पट्टे आहेत. ते बोटीच्या कडेने बाहेरून फिरणाऱ्या धरायच्या दोरीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना जातात आणि कॅम बकलाने आवळले जातात. दप्तराचं खटक्याचं बकल इथे घेऊ नका, उन्हाने ठिसूळ होतं. हवा पूर्ण भरल्यावरच पट्टे आवळायचे. सकाळी गार पाण्यावर हवा आकसते, तेव्हा थोड्या वेळाने पुन्हा एकदा हात फिरवायचा.

नांगर 1.5 किलोचा, चार नख्यांचा घडीचा, त्याला एक मीटर 6 मिमीची साखळी. साखळीमुळे ओढ आडवी राहते आणि नख्या रुततात. दोरी नायलॉनची 8 मिमी. 6 मिमीची ताकदही भरपूर आहे, पण ओढताना हात कापते. शेतीतली पिवळी-हिरवी दोरी तरंगते आणि गळाच्या दोरीत गुंतते, नायलॉन बुडतं. खोलीच्या पाचपट दोरी सोडतो, 6 मीटरला 30 मीटर.

धरणाचा तळ म्हणजे बुडालेली शेतं, ताली, झाडांचे बुंधे. नख्या अडकणारच. म्हणून साखळी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता तळाला बांधली आणि वरच्या कडीशी फक्त एका प्लास्टिकच्या केबल टायने धरली. अडकला की बोट नांगराच्या अगदी वर नेऊन जोरात ओढायचं. टाय तुटतो, ओढ उलटी होते, नख्या मागून निघतात. टायचे जादा तुकडे खिशात हवेतच.

दोरीचं आतलं टोक बोटीला बांधलेलं नाही. त्याला बंद झाकणाची रिकामी बाटली आहे. जोराचा वारा आला, तर क्लीटमधून दोरी झटकायची आणि बाटलीसकट सोडून द्यायची, नांगर नंतर शोधता येतो. जॅकेट आणि दोरी कापायला सुरी अंगावर असतेच.

जलाशयाचा मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी आधी घ्या. आणि सांगलीकडच्या कृष्णेत मगरी आहेत, तिथे हवेची बोट घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वारा असतानाही बोट टोक धरून राहिली, मागून गळ टाकता आला, चिलापी बरी लागली. रोलरखाली नळीला घासल्याची खूण नाही. राहिलंय ते नांगर ठेवायचं: सध्या बादलीत, नख्यांवर नळीचे तुकडे घालून. दोरीसाठी लाकडी रीळ करायचं चाललंय. फळीखाली बसेल असं कुणी केलं असेल तर मापं सांगा.