टेक्सासच्या पॅनहँडलमध्ये, चार्ल्स आणि मॉली गुडनाइट यांच्या शोधात

डॅलसहून अमरिलोकडे जाणारा २८७ नंबरचा हायवे विचिटा फॉल्स मागे पडलं की रिकामा होत जातो. कापसाची शेतं, पवनचक्क्या, धान्याची उंच कोठारं आणि मैलोन्‌मैल कुंपणं, एवढंच दिसतं. बहुतेक जण हा रस्ता कोलोरॅडोला जायला धरतात, अमरिलोत रात्र काढतात आणि पुढे निघतात. आम्ही काही वर्षांपूर्वी मुद्दाम तिथेच मुक्काम केला. अमरिलोच्या दक्षिणेला कॅन्यन नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या पॅनहँडल-प्लेन्स हिस्टॉरिकल म्युझियममधले चार्ल्स गुडनाइटचे कागद मला बघायचे होते. त्याच्या कागदांत त्याची बायको मेरी अ‍ॅन, सगळ्यांची मॉली, कुठे सापडते का, हेही पाहायचं होतं.

या भागात, म्हणजे पॅनहँडल म्हणतात त्या टेक्सासच्या उत्तर टोकाला, रँच (गुरांसाठीचं अफाट कुरण) उभारणारं पहिलं जोडपं म्हणजे हे दोघं. चार्ल्सचा जन्म १८३६ चा, इलिनॉयचा. नऊ-दहा वर्षांचा असताना तो घरच्यांबरोबर टेक्सासात आला. १८६६ मध्ये ऑलिव्हर लव्हिंग या गुरांच्या व्यापाऱ्याबरोबर त्याने गुरांचा कळप पेकोस नदीच्या काठाने न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला नेला. सैन्याने तिथे हजारो नव्हाहो आदिवासींना डांबून ठेवलं होतं आणि त्यांना खायला घालण्यासाठी मांस हवं होतं. त्याच सफरीसाठी त्याने सैन्याच्या एका जुन्या गाडीच्या मागे खणांची पेटी बसवून फिरतं स्वयंपाकघर तयार केलं. तीच पुढे सगळ्या अमेरिकेतल्या काउबॉयांची ‘चकवॅगन’ झाली. मॉली टेनेसीची. आईवडील गेल्यावर धाकट्या भावांना वाढवण्यासाठी तिने शाळेत शिकवलं. १८७० मध्ये केंटकीतल्या हिकमन गावी त्यांचं लग्न झालं.

म्युझियमची इमारत विद्यापीठाच्या आवारातच आहे. दारावरच्या दगडात जुन्या रँचेसच्या डागण्यांच्या खुणा कोरल्या आहेत. गुरांच्या अंगावर उठवायचे ते ठसे. आम्ही गेलो तेव्हा आत चकवॅगन, खोगिरं, बंदुका वगैरे भरपूर होतं आणि मुलं तिथे रमायची; २०२५ मध्ये म्युझियम लोकांसाठी बंद झालं. आम्ही मात्र थेट कागदपत्रांच्या विभागात गेलो. पिशव्या बाहेर, पेन बंद, फक्त पेन्सिल, आणि एका वेळी टेबलावर एकच फोल्डर.

पहिल्यांदा हातात आल्या त्या चार्ल्सच्या टाइप केलेल्या आठवणी. जुन्या टाइपरायटरने टिंबं इतकी जोरात मारली होती की पान उलटताना मागच्या बाजूला बोटांना खरखर लागत होती. या पानांत पाण्याचे साठे आहेत, गवत आहे, गुरं बुजून उधळतात तेव्हा काय करायचं ते आहे. माणसाची स्मरणशक्ती बघून थक्क व्हायला होतं. नदी कुठे ओलांडली, कोणता बैल पुढे चालायचा, सगळं डोळ्यांपुढे घडत असल्यासारखं सांगितलं आहे.

सांगितलं आहे असंच म्हणायला हवं, कारण यातलं काहीच त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाही. चार्ल्सला शाळा लाभली ती जेमतेम काही महिने. पांढऱ्यावर काळं करणं त्याला कधीच जमलं नाही. लाख गुरांचा कारभार केलेला हा माणूस वाचून घ्यायचा, सांगून लिहवून घ्यायचा आणि खाली सही करायचा. वाचायला आणि लिहायला वर्षानुवर्षं होती मॉली. ती गेल्यावर ते काम इतरांकडे गेलं. पॅनहँडल-प्लेन्स हिस्टॉरिकल सोसायटीचा तरुण कार्यकर्ता जे. एव्हेट्स हेली १९२० च्या दशकात या म्हाताऱ्यापाशी तासन्‌तास बसून त्याच्या आठवणी टिपत असे. १९३६ मध्ये त्याने चार्ल्सचं चरित्र छापलं, आणि आज आपल्याला चार्ल्स ठाऊक आहे तो बराचसा त्यामुळेच.

मला तिथे सारखं वाटत राहिलं ते असं. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याचा आवाज खोकीच्या खोकी भरून उरला आहे, आणि जिला उत्तम लिहिता येत होतं ती बाई स्वतःबद्दल फारच थोडं ठेवून गेली. दुसऱ्याचा मजकूर उतरवून घेण्यातच तिचं लेखन संपलं. तिच्याबद्दल जे कळतं ते बहुतेक चार्ल्सच्या बोलण्यातून, रँचवरच्या काउबॉयांच्या आठवणींतून आणि तिने कधीतरी कुणाला सांगितलेल्या दोन-चार प्रसंगांतून. मी तर म्हणेन, ही पानं तिच्यासाठी वाचायची ठरवली तर ती जास्त बोलतात. एखादं वाक्य एकदम सुबक झालं की ते त्याचं की तिने नीट केलेलं, असं मनात यायला लागतं.

लग्नानंतर ती कोलोरॅडोत प्वेब्लोला पोहोचली तेव्हा गावकऱ्यांनी दोन गुन्हेगारांना तारेच्या खांबाला लटकवून फाशी दिली होती. ती हादरली. तिला काय बोलून धीर द्यावा ते चार्ल्सला सुचेना आणि तो म्हणाला की खांबाला काही इजा झाली असेल असं वाटत नाही. शाळामास्तरीण होती, तिने ते ऐकून त्याच पावली माहेरी परतायची तयारी केली. नंतर राहिली ती मात्र कायमची.

दुसऱ्या दिवशी पॅलो ड्युरो दरीत उतरलो. कॅन्यन गावापासून वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. सपाट माळावर काहीच दिसत नाही आणि अचानक पायाखालची जमीन शेकडो फूट खाली जाते, तांबड्या-पिवळ्या थरांची. ऑक्टोबर १८७६ मध्ये चार्ल्सने १६०० गुरं इथे उतरवली आणि दरीत चरणारे बायसनचे कळप पुढे हाकून लावले. त्याच्या दोनच वर्षं आधी, सप्टेंबर १८७४ मध्ये, कर्नल मॅकेन्झीच्या फौजेने इथल्या कोमांची, कायोवा आणि शायान लोकांच्या छावण्या जाळल्या होत्या आणि पकडलेल्या घोड्यांपैकी हजाराहून जास्त गोळ्या घालून मारले होते. रँचची जमीन मोकळी झाली ती अशी. दरीचे फोटो काढताना हे डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये.

१८७७ मध्ये आयर्लंडच्या जॉन अ‍ॅडेरच्या भांडवलावर ‘जेए’ रँच सुरू झाली. नाव अ‍ॅडेरच्या आद्याक्षरांवरून. पैसा त्याचा, कष्ट चार्ल्सचे, पगार वर्षाला २५०० डॉलर आणि पुढे एक तृतीयांश वाटा. भरभराटीच्या काळात रँच १३ लाख एकरांच्या वर गेली आणि गुरं एक लाख झाली. अ‍ॅडेर दाम्पत्याबरोबर कोलोरॅडोहून इथे येताना एक घोडागाडी मॉलीने स्वतः हाकली होती.

मग अ‍ॅडेर मंडळी परत गेली आणि ही इथे राहिली. दुसरी बाई महिनोन्‌महिने नजरेला पडायची नाही. काउबॉयांचे कपडे शिवणं, दुखणीखुपणी बघणं, मुलांना अक्षरं शिकवणं, सगळं तिच्याकडे. एकदा एका काउबॉयने रविवारच्या जेवणासाठी तीन कोंबड्या पोत्यात घालून आणल्या. तिने त्या कापू दिल्या नाहीत, पाळल्या. त्या कोंबड्यांची तिला किती सोबत झाली ते कुणाला कळायचं नाही, असं तिने पुढे सांगितलं. त्यांच्याशी बोलता यायचं, हाक मारली की धावत यायच्या, जाईल तिथे मागे यायच्या. दरीच्या तळाशी उभं राहून मी हे नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. लाखभर गुरांचा हिशोब लागतो, पण बाईच्या एकटेपणाबद्दलचं हे एवढंच काय ते उरलं आहे.

१८८७ मध्ये चार्ल्स ‘जेए’च्या भागीदारीतून बाहेर पडला आणि हायवेलगत, आज गुडनाइट म्हणतात त्या गावी, त्यांनी दुमजली लाकडी घर बांधलं. आता ते दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं केलं आहे. १८९८ मध्ये दोघांनी गावात कॉलेज काढलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मॉली १९२६ मध्ये वारली. नंतर चार्ल्सने कोरिन नावाच्या तरुणीशी लग्न केलं, त्याच्या ९१ व्या वाढदिवशी. ती मोंटानाची तार ऑपरेटर, आडनाव तिचंही गुडनाइटच. त्यावरूनच पत्रव्यवहार सुरू झाला होता. तिने त्याची शेवटची वर्षं सांभाळली. पण १९२९ च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा त्याला इथे गुडनाइटला मॉलीशेजारीच पुरलं. कबरीच्या कुंपणाला आलेगेलेले लोक गळ्यातले रुमाल बांधून जातात.

त्याच वर्षी, म्हणजे ९२ च्या पुढे वय असताना, चार्ल्सने वेदरफर्डला बोस आयकर्डच्या कबरीवर शिळा बसवून घेतली. आयकर्ड गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय काउबॉय, पेकोसच्या वाटेवर चार वर्षं त्याच्याबरोबर होता. त्या शिळेवरचा मजकूरही चार्ल्सने सांगितलेला आणि दुसऱ्या हाताने लिहिलेला.

परतीच्या वाटेवर आम्ही मुद्दाम वळसा घेऊन किटाक्वे गावाजवळच्या कॅपरॉक कॅन्यन्स स्टेट पार्कला गेलो. १८७८ च्या सुमारास शिकारी कातड्यांसाठी बायसन मारत होते आणि आईवेगळी वासरं माळावर ओरडत फिरत होती. त्यांतली काही पकडून आण, असं मॉलीने नवऱ्याला सांगितलं. ज्याने दरीतून बायसन हाकलले त्यानेच बायसन पाळायला घेतले, आणि कळप दोनशेच्या वर गेला. १९०२ मध्ये त्यातले तीन वळू यलोस्टोन नॅशनल पार्कला गेले. १९९७ मध्ये उरलेला कळप टेक्सास राज्याकडे आला आणि या पार्कात ठेवला गेला. इतकी वर्षं आपसातच पैदास होत राहिल्याने तो क्षीण झाला होता, म्हणून २००३ मध्ये न्यू मेक्सिकोहून तीन वळू आणून सोडले. त्यानंतर वासरं जगायला लागली.

आम्हाला ते रस्त्यातच भेटले. गाडीपासून दहा-बारा फुटांवर एक गाय खांद्यावरची गेल्या हिवाळ्याची लोकर झुडपाला घासून काढत होती. लोकरीचे पुंजके काट्यांना लटकत होते आणि अंगाचा उग्र वास काच खाली केल्यावर आत येत होता. जायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये जा, तेव्हा तांबूस रंगाची नवी वासरं असतात. हा कळप बायकोच्या आग्रहाने राखला, हे चार्ल्सने स्वतः सांगून ठेवलं आहे.