दोन राउटर, एकच पत्ता

माडीवर रेंज येत नाही, म्हणून मी माळ्यावर पडलेला जुना राउटर खाली काढला. खालच्या फायबरच्या डब्यातून (तोही राउटरच) वर केबल ओढली, जुन्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या खाचेत, खोचली. दिवे हिरवे. तरी वरचे दोन्ही कॉम्प्युटर नेटला लागेनात. खाली मोबाइल झकास चालू.

"बाबा, रात्री बारापर्यंत सबमिशन आहे," लेकीने वरून हाक मारली.

हेल्पलाइनवाल्याने तीनदा सगळं बंद-चालू करायला लावलं. त्याचंही चूक नाही, लाइन ठीकच होती. मग मीच कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता दिसतो. एका कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला. राउटरकडून पत्ताच मिळाला नाही की विंडोज असला पत्ता स्वतःच घेऊन बसतं. त्या कॉम्प्युटरच्या केबलच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली, टोक सैल. केबल बदलली, पत्ता आला. नेट मात्र नाहीच.

आता दोन्ही कॉम्प्युटरचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.१.१. त्याला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, तर लगेच उत्तर, बाहेरच्या ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) केलं तर शुकशुकाट. या पहिल्या उत्तराने मला तासभर फसवलं. मला वाटलं, खालचा डबा बोलतोय. शेवटी ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकला, तर पान उघडलं जुन्या राउटरचं! दोन्ही राउटरचा पत्ता तोच. जुन्याला वॅनकडेही १९२.१६८.१ आणि घराकडेही तेच. बिचारा डेटाचं पॅकेट पाठवणार कुठे?

जुन्याचा घराकडचा पत्ता १९२.१६८.२.१ केला असता तरी भागलं असतं. पण खालचा प्रिंटर वरून सहज सापडायला हवा होता, म्हणून जुन्याचं राउटरपण काढून नुसता स्विच, म्हणजे केबली एकत्र जोडणारा डबा, करायचं ठरवलं. खालून येणारी केबल काढली. आधी जुन्याचं डीएचसीपी (कॉम्प्युटरना पत्ते वाटण्याचं काम) बंद, मग त्याचा पत्ता १९२.१६८.१.२. सेव्ह करताच पान गोठलं आणि माझ्या पोटात गोळा. अरे, पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावर पान दिसेल कसं! खालच्या डब्यात पत्त्यांचं वाटप १० पासून सुरू केलं, म्हणजे २ दुसऱ्या कुणाला जायला नको. खालून येणारी केबल जुन्याच्या वॅनऐवजी लॅन (घराकडच्या) पोर्टात लावली. दोन्ही कॉम्प्युटरवर 'आयपीकॉन्फिग /रिन्यू', म्हणजे पत्ता नव्याने मागायचा.

साडेअकराला सबमिशन गेलं. जुन्या राउटरच्या पाठीवर आता पांढरी चिकटपट्टी आहे, तिच्यावर मार्करने १९२.१६८.१.२ आणि खाली 'वॅनमध्ये खोचू नये'.