चर्चमधला चित्रकलेचा तास

रंगीत काच नुसती बघायची नसते, ती वाचायची असते, हे मला आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी शिकवलं. त्यासाठी ते आम्हाला गिरगावातून थेट फोर्टात, सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये घेऊन गेले. जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाज्यातून या चर्चकडे वाट जायची तो चर्चगेट, हे त्यांनी बसमध्येच सांगून टाकलं. चर्च १७१८ सालच्या नाताळात उपासनेसाठी खुलं झालं.

बाहेरून खिडक्या काळपट दिसतात. आत गेलो आणि वेदीमागची खिडकी पेटून उठली. मधोमध संत थोमा, म्हणजेच येशूचा शिष्य सेंट थॉमस, दोन्ही बाजूंना मायकेल आणि गॅब्रिएल हे देवदूत. आराखडा हेन्री हॉलिडे या इंग्लिश चित्रकाराचा. आपण गोरोबाकाकांना पायाखालच्या चिखलावरून ओळखतो ना, तसे चर्चमधले संतही खुणांवरून ओळखायचे, असं सर म्हणाले. पीटरच्या हाती किल्ल्या, कॅथरिनजवळ चाक, गॅब्रिएलकडे लिली, आणि थोमाकडे बहुधा भाला किंवा सुताराचा गुण्या.

गुण्या का, तर त्याची गोष्ट आपल्याच भूमीवरची. गोंडोफर्नीस राजाने थोमाला महाल बांधायला पैसे दिले. याने ते सगळे गोरगरिबांत वाटले आणि सांगितलं, तुझा महाल स्वर्गात उभा राहतोय. ही आख्यायिका, पण त्या नावाचा राजा पहिल्या शतकात वायव्य भारतात खरोखर होता, त्याची नाणी सापडली आहेत. सर ही गोष्ट सांगत होते तेव्हा वर्गातला सगळ्यात दंगेखोर बाकसुद्धा गप्प होता.

मग काचेकडे वळले. निळा रंग वरून फासलेला नसतो, वितळत्या काचेतच कोबाल्ट असतं. पिवळ्यासाठी चांदीचं संयुग काचेवर लावून ती भट्टीत तापवतात. चेहऱ्याच्या रेघाही अशाच भाजून पक्क्या करतात आणि मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. चांदीतून पिवळा कसा निघतो, हा प्रश्न घेऊन मी रसायनशास्त्राकडे गेलो. सरांचं हे ऋण फार मोठं आहे.

शाळेने ही सहल पुन्हा सुरू करावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. मुलांसोबत यायला मी तयार आहे. फक्त पावसाळा टाळूया; लख्ख ऊन हवं.