आमची वाटचाल : लोहाओळी ते हिंगणघाट

१९९१ साली मी बारावीत नापास झालो आणि त्याच पावसाळ्यात नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत, बेअरिंग व मशीनच्या पट्ट्यांच्या एका दुकानात, माल काढून देण्याच्या कामाला लागलो. वडील एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या गिरणीच्या भोंग्यावर आमच्या घरचे जेवणखाण ठरत असे आणि पान्यांचे नंबर मला शाळेत जाण्याआधीपासून पाठ होते. त्यामुळे दुकानातला माल मला परका वाटला नाही. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप मिलिमीटरमध्ये मिळते, म्हणजे ६२०६ चे ३० आणि ६३०८ चे ४०. मात्र ००, ०१, ०२ आणि ०३ ला हा हिशेब लागू होत नाही, त्यांची मापे १०, १२, १५ आणि १७ अशी वेगळी लक्षात ठेवावी लागतात. हे मला कोणी वर्गात शिकवले नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असे तेव्हा मी व्हर्नियर घेऊन रॅकवरचा एकेक डबा मापत बसत असे.

चार वर्षांनी एका मोठ्या कंपनीत विक्री प्रतिनिधीची जागा निघाली, म्हणून मी अर्ज घेऊन गेलो. साहेबांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक बेअरिंग ठेवलेले होते. त्यांनी त्याचा नंबर विचारला असता तर मी लांबूनच सांगितला असता. त्यांनी अर्जातल्या शिक्षणाच्या रकान्यावर बोट ठेवले, पदवी नाही हे पाहिले आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. तो प्रसंग मी विसरलेलो नाही आणि विसरावा असेही मला वाटत नाही.

त्यानंतर मी मालकांशी बोलून कमिशनवर बाहेरगावची विक्री घेतली. पहाटे गणेशपेठच्या बसस्थानकावरून एसटी धरायची आणि बुटीबोरी, जाम करत हिंगणघाट गाठायचे, असा आठवड्यातून तीन दिवसांचा क्रम होता. पिशवीत व्हर्नियर, फट मापायचा फीलर गेज, बेअरिंग ओढून काढायचा छोटा पुलर, नंबर वाचण्यासाठी भिंग आणि वडिलांचा जुना पाना असे. कॅटलॉग मी नेत नसे, कारण जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या गिरणीत, कॅटलॉग उघडला की दोन मिनिटांत त्याच्यावर रुईची तूस बसते आणि समोरच्या माणसाचे लक्ष आपल्या हातांकडे असते.

१९९७ च्या हंगामात तिथल्या एका जिनिंगच्या मिस्त्रींशी माझी पहिली भेट झाली. चार पट्ट्यांच्या सेटमधला एक तुटला होता आणि त्यांना बी सेक्शनचा, म्हणजे त्या ठरावीक मापाचा, एकच पट्टा हवा होता. मी मशीन बंद असताना पुलीच्या खाचेत बोट घालून पाहिले. खाच इतकी झिजली होती की पट्टा तळाला टेकत होता. व्ही पट्टा बाजूंनी पकड घेतो. तो तळाला टेकला की घसरतो, तापतो आणि जळतो. शिवाय तीन ताणलेल्या जुन्या पट्ट्यांबरोबर एक नवा लावला तर सगळा भार त्या नव्यावरच येतो. मी त्यांना सांगितले की आधी खराद्याकडून पुली करून घ्या आणि मग चारही पट्टे एकदम बदला, तोवर मी एक पट्टा देणार नाही. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, तू पट्टा इकाले आला का नाई इकाले?" पुली माझ्या दुकानात मिळत नव्हती, म्हणून त्या दिवशी मी रिकाम्या हाताने परतलो. नवव्या दिवशी दुकानात त्यांचा फोन आला आणि मी गेलो तेव्हा चार पट्ट्यांसोबत त्यांनी अकरा बेअरिंगची यादी लिहून दिली. त्या एका माणसाच्या शब्दावर मला पुढे वणी आणि पांढरकवड्याची दारे उघडली.

२००१ मध्ये मी स्वतःचे दुकान टाकले आणि पुढची बारा वर्षे ते चांगले चालले.

२००९ मध्ये एक मुलगा माझ्याकडे कामाला आला. पदवीधर होता, बोलायला हुशार होता आणि मी त्याला मुलासारखे शिकवले. बेअरिंग शाफ्टवर चढवताना बाहेरच्या रिंगवर हातोडा कधी मारू नये, जोर आतल्या रिंगवरच द्यावा; तूस असलेल्या जागी पत्र्याच्या शील्डपेक्षा रबर सील बरे पडते; हे सगळे त्याने माझ्याकडूनच ऐकले. २०१३ मध्ये तो निघून गेला आणि सोबत माझी निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन गेला. त्या वहीत पंधरा वर्षांत हिंडून गोळा केलेली प्रत्येक जिनिंगची माहिती होती : कोणत्या मशीनला कोणता नंबर लागतो, पट्ट्याची लांबी किती, शेवटचा बदल केव्हा झाला आणि कोणत्या मालकाकडे पैसे कोणत्या महिन्यात निघतात. त्याने माझ्यापासून चार दुकाने सोडून फलक लावला आणि त्यावर नावापुढे पदवी लिहिली. पुढे एका कंपनीने या भागासाठी नवा विक्रेता नेमायचे ठरवले तेव्हा आम्ही दोघांनीही अर्ज केले. त्या अर्जातही शिक्षणाचा रकाना होता. काम त्याला मिळाले.

त्याने भाव पाडले, म्हणून मीही पाडले. ती माझी चूक होती, कारण भाव राखता यावा म्हणून मी उधारीची मुदत वाढवत गेलो आणि २०१६ च्या दिवाळीपर्यंत माझे चौदा लाख रुपये बाहेर अडकले होते. ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या. शेतकऱ्याला कापसाचे पैसे रोख लागतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. बाजारातली आवक मंदावली, जिनिंग पाळीपाळीने चालू लागल्या आणि माझे पैसे जिथल्या तिथे थांबले. पुरवठादारांनी माल रोखला. बेसा येथे घेतलेला प्लॉट मी डिसेंबरात विकला आणि दुकानातल्या दोन मुलांचा पगार त्यातून दिला.

जानेवारीत हिंगणघाटच्या त्याच जिनिंगमध्ये रात्रपाळीला बेअरिंग जाम होऊन शाफ्ट खराब झाला. शेठजींनी मला फोनवर पुष्कळ बोल लावले, कारण डबा माझ्याकडच्या डब्यासारखाच होता. मी पहिल्या एसटीने गेलो. मिस्त्रींनी मी पूर्वी दिलेले, झिजून काढलेले प्रत्येक बेअरिंग खिडकीच्या कट्ट्यावर बदलल्याच्या तारखेसह ठेवले होते. त्यांनी जळके बेअरिंग आणि माझे एक जुने बेअरिंग शेजारी ठेवले आणि रॉकेलच्या फडक्याने दोन्ही पुसली. जळक्यावरचा नंबर फडक्याला उतरला. माझ्यावरचा कोरलेला होता, तो तसाच राहिला. "नंबर तोच हाय शेठ, पण बेअरिंग ते नाई," एवढेच ते म्हणाले. तो नकली माल त्या वही नेणाऱ्या मुलाच्या दुकानातला होता; त्याने तो जाणूनबुजून दिला की तोही फसला, हे मला आजवर कळलेले नाही. शेठजींनी मात्र माझी जुनी उधारी त्याच आठवड्यापासून तीन हप्त्यांत फेडली आणि त्या पैशांवर मी पुरवठादारांपुढे उभा राहू शकलो. जुलैत जीएसटी लागू झाला तोवर दुकानात पुन्हा माल भरला होता.

या धंद्यात येणाऱ्या मुलांना मी दोन गोष्टी न विचारता सांगतो. फोनवर सांगितलेल्या नंबरावर माल काढू नका, जुना नग हातात घेऊन मापा, कारण घाईत असलेला माणूस ६२०५ आणि ६२०६ यांत सहज चुकतो आणि दोष मात्र दुकानाला लागतो. आणि जिनिंगची उधारी हंगामातली रुईची शेवटची गाठ बांधली जाण्याआधीच वसूल करा. एकदा फाटकाला कुलूप लागले की दसऱ्यापर्यंत कोणी भेटत नाही.

मिस्त्री आता निवृत्त झाले आहेत आणि त्यांचा मुलगा त्याच मशीनवर आहे. मागच्या दसऱ्याला ते दोघे दुकानात आले, तेव्हा आम्ही पुलर आणि व्हर्नियरची पूजा मांडली होती. त्यात वडिलांचा पाना मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने ठेवला. नवी वही मी २०१७ पासून लिहीत आहे आणि तिच्यात १२० जिनिंगची नोंद झाली आहे. निळ्या पुठ्ठ्याची वही चार दुकाने पलीकडे आहे, ती अजून परत आलेली नाही.