भिशीची वही आणि पेत्राची न्याहारी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष देणारे बहुतेकजण एकाच ठिकाणी येऊन थांबतात. गुडघे टेकले, रडलो, प्रभूनं क्षमा केली, ओझं उतरलं. त्यांचं तसंच झालं असणार, मला शंका नाही. माझं तसं झालं नाही. क्षमा मला मिळाली होती, त्यावर माझा पक्का विश्वास होता, आणि तरीही लाज जागची हलली नव्हती. अशा आणखी कितीजणी मागच्या बाकावर मान खाली घालून बसत असतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी बेळगावात, अनगोळात राहते. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. नवरा उद्यमबागला एका फौंड्रीत कामाला. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच, पण गल्लीतल्या बायकांनी भिशी माझ्याकडे दिलेली. वीसजणी, महिन्याला दोन-दोन हजार. पाच तारखेला आमच्या घरी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, जिची निघेल तिला चाळीस हजार. चिट फंडांसाठी 1982 चा कायदा आहे, नोंदणी आहे, पण गल्लीतल्या भिशीला असलं काही नसतं. एक वही असते आणि वही धरणारीचा शब्द असतो. कोपऱ्यावरच्या काकू नव्या बायकांना माझ्याबद्दल सांगायच्या, "तिच्याकडं बिनघोर दे गं, ती खोटं करायची न्हाई."

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. फौंड्री बंद. लग्नंच थांबली तर ब्लाउज कोण शिवून घेणार? उघडल्यावरही नवऱ्याला आठवड्यातले निम्मेच दिवस काम. भिशी मात्र बायकांनी पुन्हा सुरू केली, आणि ते पैसे माझ्या कपाटात. आधी सासऱ्यांच्या औषधांना थोडे काढले, मग घरभाड्याला, मग दारात येऊन बसणाऱ्या एका सावकाराला. काढले की वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहायची. पुढं पुढं तेही लिहिलं नाही. दोघींच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि दोघींनाही द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यातल्या एक त्याच काकू. त्यांच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं. आज देते, उद्या देते करत मी दिवस काढले आणि एका सकाळी नळावर, सगळ्यांच्या देखत, काकू एवढंच बोलल्या, "चर्चला जातीस न्हवं गं तू?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे लोक बेळगावात आले, 1904 मध्ये त्यांचं इथलं काम मेथडिस्टांकडे आलं. आमचं घराणं पणज्यापासून या मंडळीतलं. म्हणजे वचनं मला शिकवावी लागली नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रातलं, आपण पापं पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर तो विश्वसनीय आहे, क्षमा करील, हे संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. पूर्वेपासून पश्चिम जितकी दूर तितके आमचे अपराध त्यानं दूर केले, हे 103 वं स्तोत्र आजी रोज रात्री म्हणायची. त्या दिवसांत एका रात्री मशीनच्या बाजूला फरशीवर बसून मी देवाजवळ सगळं कबूल केलं. काही झाकलं नाही. त्यानं ऐकलं हे मला त्याच क्षणी कळलं, आणि आजही त्यात माझा तसूभर संशय नाही.

पण दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गेले तर गिरणीच्या पायरीखाली काकूंच्या चपला. निळ्या पट्ट्याच्या, एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. मी डबा तसाच घेऊन मागं फिरले. पुढे किती दिवस तिसऱ्या रेल्वे गेटाकडून वळसा घालून घरी यायची, कारण सरळ रस्ता त्यांच्या दारावरून जातो. चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करतात त्या प्रभुभोजनाच्या रविवारी द्राक्षरसाचे पेले मांडायला लागले की कुणाच्या तरी लेकराला घेऊन बाहेर जायची. देवानं क्षमा केली म्हणते आणि त्याच्या मेजाशी गुडघे टेकायला धजत नाही, हे माझं मलाच कळत नव्हतं.

आमच्या पाळकबाई एकदा ब्लाउजचं माप द्यायला आल्या. त्या मूळच्या धारवाडकडच्या, मराठी बोलताना कन्नड हेल लागतो. मी सांगत गेले, त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं आता क्षमेवरचं एखादं वचन देतील. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय उघडायला लावला आणि म्हणाल्या, "यात प्रभू पेत्राला 'तुला क्षमा केली' म्हणतोय काय, शोध की."

शोधलं. नाही म्हणत.

येशूला धरलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र यानं आपण त्याचे नाही म्हणून नाकारलं ते प्रमुख याजकाच्या वाड्यात, कोळशांच्या विस्तवाशी शेकत. 18 व्या अध्यायात ते आहे. आणि 21 व्यात, पुन्हा उठल्यानंतर, तिबिर्याच्या समुद्राच्या काठावर प्रभू स्वतः कोळशांचाच विस्तव करून बसलाय. त्यावर मासळी, जवळ भाकर. शिष्यांच्या जाळ्यात 153 मासे आलेत, पण न्याहारी त्यांच्या माशांवाचून आधीच तयार आहे. या, जेवा, म्हणतो. पेत्र ओलाचिंब, नुकतीच पाण्यात उडी टाकून आलेला, आणि त्याला बसायचंय ते पुन्हा तसल्याच विस्तवापाशी. आधी सगळे जेवतात. मग प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस काय, तीन वेळा, कारण नाकारणंही तीन वेळा होतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख होतं, हेही योहान लपवत नाही. आणि प्रत्येक उत्तरावर प्रभू त्याला काम देतो: माझी मेंढरं राख. मासे धरायला गेलेले बाकीचे सहाजण तिथेच आहेत. ज्यानं सर्वांच्या वर तोंड करून "मी कधीच सोडणार नाही" म्हटलं आणि सोडलं, त्याच्या हाती कळप दिला जातोय.

हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण लाजेचं औषध यात आहे हे त्या दिवशी दिसलं. दोष देवासमोर मिटतो. लाज माणसांमध्ये लागलेली असते आणि ती माणसांमध्येच सुटते: एका ताटाला बसवून, पुन्हा विश्वास टाकून. त्यासाठी त्याच विस्तवापाशी यावं लागतं. मी वळसा घालून जात होते.

"क्षमा झालीया तुझी," पाळकबाई म्हणाल्या. "आता न्याहारीला बस की. वही कुठाय?"

वही काढली. त्यांनी जुन्या करारातल्या लेवीयचा सहावा अध्याय दाखवला. शेजाऱ्याची ठेव बुडवली तर मूळ रक्कम द्यायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि मग वेदीकडे अर्पण न्यायचं. चाळीस हजारांवर आठ. दोघींचे मिळून 96 हजार. इथं एक गोष्ट ठासून सांगते, कारण आपल्या लोकांचा यात फार घोळ होतो. पैसे फेडून मी क्षमा विकत घेतली नाही. येशूला बघायला झाडावर चढलेल्या श्रीमंत जकातदार जक्कयाचं बघा. प्रभू आधी झाडाखाली थांबून त्याला हाक मारतो, आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो. चौपट परत करायची गोष्ट जक्कय नंतर काढतो. क्रम उलटा केला की सुवार्ताच उरत नाही. पण "देवानं मला माफ केलं" म्हणून शेजारणीचे पैसे बुडवून खुशाल बसणारीही मला पटत नाही. जक्कयाच्या घरी प्रभू उतरला आणि जक्कयाची तिजोरी उघडली, दोन्ही एकाच दिवशी.

नवऱ्यानं ओव्हरटाइम घेतला, मी लग्नसराईत रात्री मशीन चालवलं. पहिला हप्ता हातात आला तशी काकूंकडे गेले. पाय थरथरत होते हे खरं, पण त्या आठवड्यात इब्री लोकांस पत्राचा 12 वा अध्याय वाचनात होता: येशूनं लज्जा तुच्छ मानून वधस्तंभ सोसला. रोमी लोक वधस्तंभाची शिक्षा मुद्दाम चारचौघांत देत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून. वेशीबाहेर, कपडे काढून घेऊन. मरण तर होतंच, त्याहून अब्रू घ्यायची होती. म्हणजे माझा देव ही जागा ओळखतो. नळावर सगळ्यांदेखत मान खाली गेलेली बाई त्याला परकी नाही. एवढं धरून मी कडी वाजवली.

काकूंनी आत या म्हटलं नाही. उंबऱ्यात बसूनच अंगठा ओला करून नोटा मोजल्या.

"बाकीचे?"

"दर पाच तारखेला आणून देते. वर आठ हजार जास्तीचे."

"जास्तीचे कशाला?"

मी म्हटलं, आमच्या शास्त्रात तसं आहे. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग, "पाच म्हंजी पाच. सहा न्हाई," म्हणून आत गेल्या.

पाच म्हणजे पाचच केली. शेवटचा हप्ता दिल्यानंतर दिवाळीच्या आधी काकू घरी आल्या, ब्लाउजपीस मशीनवर ठेवला आणि म्हणाल्या, "गळा जरा वर घे, मागच्या बारीला लै खाली घेतला हुतास." झाल्या गोष्टीबद्दल त्या कधीच काही बोलल्या नाहीत. दुसरी बाई अजून माझ्याशी बोलत नाही. पैसे तिनं पूर्ण घेतले, पण मी दिसले की खिडकी लावते. तिचा तो हक्क आहे. मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करते आणि तिच्या खिडकीखालूनच जाते-येते.

चर्चमध्ये मी कमिटीला सगळं स्वतःहून सांगितलं. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी मला रविवारचं अर्पण मोजायला बसायला सांगितलं. मी नको म्हटलं. मग पाळकबाईंकडे बघितलं, आणि हो म्हटलं. एक अट मात्र मी घातली, ती आता सगळ्यांसाठीच नियम झालीय: थैली एकटीनं उघडायची नाही. दोघी मोजतात, दोघी सही करतात, आणि आकडा पेननंच लिहितात.