आमची वाटचाल : रबाळ्याचा गाळा आणि लिंक रॉडचं माप

रबाळे एमआयडीसीतला आमचा गाळा बाबांनी घेतला तो कमानपाटे आणि शॉकॲब्सॉर्बरच्या कामासाठी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांचे टेम्पो रात्रंदिवस धावायचे, त्यामुळे गिऱ्हाईक शोधत फिरावं लागलं नाही. मोटारींमध्ये मारुती ८०० जास्त यायची. तिच्या पुढच्या स्टॅबिलायझर बारला, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याला, चाकाकडच्या भागाशी जोडणारी वेगळी लिंक (छोटा रॉड) नव्हतीच. बारची टोकं रबरी बुश घालून थेट लोअर आर्ममध्ये (चाक धरणाऱ्या खालच्या आर्ममध्ये) बसवलेली, आणि चाकाला पुढे-मागे धरून ठेवायचं कामही तोच बार करायचा. त्याचा बुश खराब झाला तर गाडी ब्रेकवर नीट राहत नाही, हे बाबांनी दादाला आणि मला लहानपणीच दाखवलं होतं. आमच्याकडे बारकडे बघायची सवय आली ती तिथून.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून धंद्यात आले तोवर काम बदललं होतं. ऐरोली, खारघर, घोडबंदर भागातून तरुण मुलं यायची. कुणी गाडी स्प्रिंग बदलून खाली बसवलेली, तर कुणी गायमुख घाटातल्या खड्ड्यांना कंटाळून स्प्रिंगपाशी स्पेसर (जाड चकत्या) टाकून वर उचललेली. तक्रार मात्र एकच : पुढून टकटक आवाज येतो, लिंक रॉड नवीन टाकले तरी काही महिन्यांत पुन्हा सुरू. दोन-तीन ठिकाणी पैसे भरून आलेली ही मुलं. दादा म्हणाला, पार्ट वारंवार मरतोय म्हणजे पार्टचा दोष नाही, तो बसतोय त्या जागेचा आहे. आमचा आजचा धंदा त्या एका वाक्यावर उभा आहे.

वळणावर गाडीची एक बाजू दबते, दुसरी उचलते. तेव्हा ओला टॉवेल पिळावा तसा बार पिळला जातो आणि गाडीचं कलणं रोखतो. हा जोर बारपर्यंत पोचवते ती लिंक. गाडी नेहमीच्या उंचीवर उभी असताना लिंक आणि बारचा हात (टोकाकडचा वळलेला भाग) यांच्यात काटकोनाच्या जवळचा कोन हवा. गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली की बॉडीच्या मानाने चाक तेवढंच वर येतं, बारचं टोक सोबत वर जातं आणि तो कोन बिघडतो. तिरक्या लिंकमधून बारला नुसता पीळ मिळत नाही, तो आडवाही ओढला जातो. लिंकच्या बॉल जॉइंटला (टोकाच्या गोळ्यावर फिरणाऱ्या सांध्याला) वाकायला मोजकीच जागा असते. ती संपली की प्रत्येक खड्ड्याला जॉइंट अडतो, आधी त्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटतो, मग टकटक. गाडी उचलली तरी हेच, फक्त उलट दिशेने.

मग लांबी बदलता येणारी लिंक टाकायची, पण किती लांबीची? इथे बाजारातला ‘खाली बसवली की आखूड लिंक’ हा ठोकताळा मला मान्य नाही. लिंक बारवरून वर स्ट्रटला (स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरच्या उभ्या खांबाला) जात असेल, तर बारचा हात पूर्वीच्या जागी आणायला ती लांब करावी लागते. बारवरून खाली लोअर आर्मला जात असेल, तर आखूड. त्यातही बारच्या खालून ॲक्सल (चाक फिरवणारा दांडा) जात असेल, तर लांब केलेली लिंक बारला ॲक्सलवर टेकवू शकते. तिथे काटकोनाचा हट्ट सोडून आखूड लिंकनेच बार वर ठेवावा लागतो. म्हणून आधी गाडीखाली झोपायचं, मग पार्ट मागवायचा.

मोजायचं तर जमीन सपाट हवी. गाळ्याच्या फरशीला पाणी जायला उतार होता. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून आम्ही चारही चाकांच्या जागा एका पातळीत आणल्या, खाली पत्रे देऊन. मशीन नंतर आली, पण आमच्या लेखी खरी गुंतवणूक ती जमीन.

त्या जागेवर गाडी चाकांवर उभी करतो, चालकाच्या सीटवर वजन ठेवतो. आधी डाव्या-उजव्या बाजूची उंची सारखी आहे ना ते बघतो, ती नसेल तर लिंकला हात लावत नाही. एका बाजूची लिंक पूर्ण बसवायची. दुसरीची लांबी अशी लावायची की बोल्ट हाताने भोकात सरकला पाहिजे. तो ठोकून घालावा लागला, तर बार उभ्या गाडीतच पिळलेला आहे, आणि अशी गाडी डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरी. लिंकची लांबी पक्की करणारा चेकनट आवळताना दोन पाने लागतातच. एका पान्याने आवळलं की जॉइंटचं तोंड सोबत फिरतं आणि केलेली मेहनत जाते. शेवटी स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, एकेक चाक दाबून, लिंक ब्रेकच्या होजला, ॲक्सलच्या बुटाला किंवा रिमला लागत नाही ना ते बघतो. बारचे बुश सैल केले असतील, तर ते गाडी चाकांवर असतानाच आवळायचे. सगळी मापं कागदावर लिहून गिऱ्हाइकाला देतो. तो कागद दाखवून एकाने दुसऱ्याला पाठवलं आणि असंच काम वाढलं. शेजारचे लेथवाले काका खास लांबीच्या रॉडला एका टोकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे आटे पाडून देतात. त्यांच्या हाताशिवाय हे काम पुढे गेलं नसतं.

जाड बार टाकून द्या, अशी मागणी बरेच करतात. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. २० मिलिमीटरऐवजी २२ टाकला, तर तो जवळजवळ दीडपट कडक होतो. तो सगळा जोर त्याच लिंकवर आणि तिच्या ब्रॅकेटवर येतो. हे समजावल्यावर निम्मे लोक जुना बारच ठेवतात, आणि मला त्याचा आनंदच होतो.

गाडी खाली बसवायचं काम आम्ही घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. पण आधीच बदललेली गाडी दारात आली, तर तिला तशीच खडखडत रस्त्यावर परत पाठवणं आम्हाला जमत नाही. आधी मूळ उंचीवर परत जायचा सल्ला देतो, आणि ज्यांना ते पटतं त्यांचं काम अगत्याने करतो. मूळ स्प्रिंग जपून ठेवले असतील, तर खर्चही कमी येतो.

आता दादाचा मुलगा आयटीआय करून हाताखाली आलाय. त्याला सध्या फक्त मोजायला देतो, पाना नंतर. येणाऱ्यांनी गाडीत रोज असतं तेवढंच सामान ठेवावं, टायरची हवा बरोबर करून आणावी, आणि काढलेल्या जुन्या लिंक भंगारात टाकल्या नसतील तर सोबत आणाव्यात. बूट कुठल्या बाजूने फाटलाय ते पाहिलं की अर्धं निदान तिथेच होतं.